माझ्या पाठची बाळं

आये, आज एका बाईच्या सासूशी माझं कडाक्याचं भांडण झालं आणि लॅबमधून घरी येईपर्यंत वाटभर मी तुझ्याशीच बोलत होते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कोणाशी वाजलं की अजून तूच आठवतेस. मसोलीत भाड्याने एक खोली घेतलीय मी. भात शिजायला ठेवलाय, शेजारणीचा टीव्ही गुजरातीत बडबडतोय, आणि या खोलीत ‘काय झालं गो?’ असं विचारणारं कोणी नाही. म्हणून लिहायला बसले. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखी नाही. माझ्या पाठची ती तिन्ही बाळं माझ्यामुळे गेली का?

रागावू नकोस. हे मी माझ्या मनाचं काढलेलं नाही, पहिल्यांदा आत्या बोलली होती. माझ्यानंतरचं दुसरं बाळ गेलं, त्यानंतरची ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तू ओली बाळंतीण, तरी चुलीपुढे बसून नाचणीच्या भाकरी थापते आहेस. आत्या ताट घेऊन ऐसपैस बसलीय. ती माझ्याकडे बोट करते आणि म्हणते, “या पोरीची पाठच खोटी. हिच्या पाठीवर काय टिकायचं नाय. पुढच्या खेपेला हिला मामाकडे धाड, मगच पोटुशी रहा.” नणंदेपुढे कधी मान वर न करणारी तू! तव्यावरची भाकरी काढलीस, तिच्या ताटात टाकलीस आणि म्हणालीस, “ही खा नि निघ. परत माझ्या पोरीच्या पाठीचं नाव काढशील तर हा तवा तुझ्या डोक्यात घालीन.” जन्मात पहिल्यांदा तू तिला अगंतुगं केलंस. ती अर्धी भाकरी टाकून गेली. मग तू मला ओढून पुढ्यात पालथी घेतलीस, पाठीला खसाखसा तेल चोळलंस आणि म्हणालीस, “चांगली सरळ पाठ हाय. लाकडाचा भारा उचलायला बरी.” मी हसले, तू पण हसलीस.

त्या बाळांचं मला जेवढं आठवतं तेवढं सांगते. माझ्यानंतरचं पहिलं जिवंत जन्मलं. रडलं, दूध ओढलं, आणि दुसऱ्याच दिवशी हळदीत बुडवून काढल्यागत पिवळं दिसायला लागलं. भगताने त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांब होत पोटापर्यंत उतरली की कावीळ उतरली म्हणे. तेवढं थांबायला बाळाला सवड नव्हती. त्याच्या मागचं तर अंगभर सुजून, मेलेलंच आलं. तिसऱ्या वेळी तू चैत्रात विवळवेढ्याच्या देवीला गेलीस, वर गडावर नाही, खालच्या देवळात. गरोदर बाईला डोंगर चढवेना म्हणून देवी स्वतः खाली उतरून आली, हे मला तूच सांगितलंस, आणि म्हणालीस, “तिला पोटुशीचं कळतं गो.” ते बाळ दिवस भरायच्या आधीच गेलं. तेव्हा सुईणीपासून शेजारणीपर्यंत सगळ्या एकच म्हणायच्या, “पहिली धडधाकट झाली ना, मग बाईत खोट नाय.” मग खोट कोणात? फिरून फिरून बोट माझ्याकडेच यायचं.

आता मी रोज लोकांचं रक्त तपासते. जे कळलंय ते तुला सांगते, हसू नकोस. पोरं पाखरं मारायला गलोल करतात ना, तिच्या बेचक्यासारखी एक बारीक वस्तू आपल्या रक्तात असते. तिला अँटिबॉडी म्हणतात. प्रथिनाच्या चार साखळ्या, दोन लांब नि दोन आखूड, एकमेकींना घट्ट धरून ते बेचकं तयार होतं. वरची दोन टोकं एकाच परक्याला पकडायला घडवलेली असतात. गोवरावरची असेल तर ती गोवरालाच पकडणार, दुसऱ्या कोणाकडे ढुंकूनही बघणार नाही. खालचा दांडा मात्र एका जातीच्या सगळ्या अँटिबॉडींचा सारखाच. टोकांनी धरायचं आणि दांडा दाखवून खाणाऱ्या पेशींना बोलवायचं, की या, हा घ्या. बाईच्या पोटात बाळाला पोसणारी वार असते ती हा दांडा बघते आणि अँटिबॉडीला बाळाकडे सोडते. टोकांनी ती कोणाला पकडणार आहे, ते वार विचारत नाही. म्हणून तर तुला लहानपणी होऊन गेलेल्या गोवराची राखण मला फुकटात मिळाली आणि पहिले काही महिने पुरली. सगळ्याच आया असं देतात, आणि कोणालाच माहीत नसतं.

आता पुढचं ऐक. कोणाच्या लाल पेशींवर एक खूण असते, कोणाच्या नसते. असली तर पॉझिटिव्ह, नसली तर निगेटिव्ह. माझ्या पेशींवर आहे. तुझ्या पेशींवर नसावी. मी जन्मले तेव्हा माझं थोडं रक्त तुझ्या अंगात गेलं असणार. तुझ्या शरीराने ती खूण जन्मात बघितलेली नव्हती, त्याला वाटलं घरात चोर शिरला. त्याने माझ्या खुणेवर अँटिबॉडी बनवल्या. मी तर तोवर बाहेर येऊन तुझं दूध पीत होते, माझं काय वाकडं होणार! पण माझ्या पाठून आलेल्यांना बाबांकडून तीच खूण मिळाली, आणि वारेने नुसता दांडा बघून तुझ्या अँटिबॉडी आत सोडल्या. त्यांनी बाळांच्या लाल पेशी धरून धरून फोडायला दिल्या. पेशी फुटल्या की अंग पिवळं पडतं, फारच फुटल्या की सूज येते. दर खेपेला तुझं शरीर जास्त तयारीने उठलं. यात कोणाची चूक नाही, हे मी दिवसभर दुसऱ्यांना समजावते. पण आये, आत्या अडाणी असली तरी तिचं बोट बरोबर जागी लागलं होतं, हे मला गिळता येत नाही.

आज आलेली ती बाई कासा गावाच्या पलीकडच्या पाड्यातली. जीपमध्ये कोंबून आलेली, सातवा महिना, कडेवर पहिली पोरगी आणि सोबत सासू. तिचं रक्त निगेटिव्ह, नवऱ्याचं पॉझिटिव्ह. पहिलं बाळंतपण घरीच झालेलं, त्यामुळे अँटिबॉडी होऊ नयेत म्हणून तेव्हा लगेच द्यायचं इंजेक्शन कोणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, अँटिबॉडी झाल्यात का ते बघायला अजून थोडं रक्त लागेल. सासू उसळलीच. “कशाला परत परत रगत काढतीस? पयली बघ ना कशी गुटगुटीत हाय! नि दुसऱ्याचं म्हणशील तर भगताने या पोरीची पाठ बघितलीय. बरी हाय म्हणाला.” झालं, माझं डोकं फिरलं. “आजी, पोरीच्या पाठीत काही नसतं! बघायचं ते रक्तात. पुन्हा पाठीचं नाव काढलंत तर तुम्हालाच सुई टोचीन.” बाहेरची रांग खो खो हसली. सासू पुटपुटली, “तोंड लई चालतं बाई हिचं.” तोंड तुझं आहे ते, तिला काय माहीत.

त्या बाईने हात पुढे केला, मी रक्त काढलं आणि तपासायला बसले. पेशी एकमेकींना चिकटल्या असत्या तर समजायचं की अँटिबॉडी आहेत. त्या चिकटल्या नाहीत, सुट्ट्याच राहिल्या. मी पुन्हा करून बघितलं, तेच आलं. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन लिहून दिलं आणि बाळंतपणानंतर पुन्हा एक घ्यायला सांगितलं. त्यात दुसऱ्यांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी असतात. बाळाच्या ज्या पेशी आईच्या अंगात येतील त्या उचलून नेतात, आईच्या शरीराला त्यांची ओळख पटायच्या आतच. मी त्या बाईला बजावलं की आता घरी बाळंत व्हायचं नाही, दिवस भरत आले की सरळ दवाखाना गाठायचा. ती हो म्हणाली. सासूही शेवटी म्हणाली, “आणीन हो, आणीन. ओरडू नको.” त्या गेल्यावर मी मागच्या बाजूला जाऊन पाणी प्यायले आणि पुढच्याचं रक्त काढायला लागले.

खरं म्हणजे तुझं रक्त कधी कोणी तपासलंच नाही. मी हे सगळं अंदाजाने बोलतेय. तलासरीच्या मामाला एकदा मी गोड बोलून चहा पाजला आणि बोटाला सुई टोचली. “रगत विकतीस काय गो माझं?” म्हणून केवढा ओरडला! निगेटिव्ह निघाला. पण भाऊ निगेटिव्ह म्हणून बहीण निगेटिव्ह असेलच असं नाही. तुझ्या शेवटच्या तापात रक्त काढलं होतं, पण ते मलेरियाची काचपट्टी बघण्यापुरतं. गट बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी तेव्हा कॉलेजात, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता तपासायला काही उरलेलं नाही. फार एकटं वाटतं गं आये. त्या तिघांतलं एक जरी असतं, तरी मी ‘आई असं म्हणायची’ म्हटल्यावर ‘हो, म्हणायची’ असं म्हणणारं कोणी असतं. तुझा आवाज कसा होता हे नीट आठवणारी मी एकटीच उरलेय, आणि मलाही तो हल्ली पटकन आठवत नाही.

तुला वाचता येत नव्हतं. कोणाचं पत्र आलं तर मीच वाचून दाखवायची. मग हे धाडायचं कुठे आणि तुला वाचून दाखवणार कोण? राहू दे इथेच. फक्त एक सांगून टाकते, कोणाला सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी तुझा हात माझ्या हातात होता. ताप डोक्यात गेलेला. तू माझ्याकडे टक लावून बघितलंस आणि विचारलंस, “बाई, माझी पोरगी आली का गो?” मी म्हटलं, “येतेच आहे.” मग तू माझ्यावरून नजर काढलीस आणि दाराकडे बघत राहिलीस, शेवटपर्यंत. पुढे वर्गात आम्हाला शिकवलं की एकदा ओळखलेली खूण शरीर वर्षानुवर्षं विसरत नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं मी त्या बाळांसाठी रडतेय. पण नाही, मी माझ्यासाठीच रडत होते. ती माझ्यामुळे गेली असली तरी चालेल आये, हे बोलणं पाप असेल तर असू दे, पण माझा अंदाज खरा निघू दे. म्हणजे तू दाराकडे बघत होतीस तेव्हासुद्धा तुझ्या रक्ताला मी माहीत होते.