उलट्या खुर्चीचे चार रविवार

४ मे, रविवार

किल्ली जप्त! वॉटर स्कूटर तलाव समितीच्या शेडमध्ये साखळीला बांधलेली आणि मी घरी, ओल्या चड्डीत, वही उघडून बसलोय. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाचं खेळणं काढून घेतलं तर त्यानं काय करावं? भोकाड पसरता येत नाही. म्हणून लिहितो.

झालं ते असं. तलावावर लोकांना फेऱ्या मारून आणणाऱ्या सायरनबाईंची बोट हवा भरलेली रबरी ट्यूब दोरानं ओढत चालली होती. ट्यूबवर एक बाई. मागून मी. जरा जवळूनच, खोटं कशाला बोला – बोटीच्या लाटेवरून स्कूटर उडवायला मजा येते. बाई पडल्या. मी ताबडतोब गॅस सोडला आणि हँडल वळवलं. कुठलाही शहाणा माणूस हेच करील! पण ही बया गॅस सोडला की वळतच नाही. मागचा पाण्याचा झोत बंद, की वळणं बंद. हँडल नुसतं शोभेला. गेली सरळ, नाकासमोर. बाईंच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून. त्यांची टोपी माझ्या खालून गेली.

विकणाऱ्यानं हे समजावलं होतं म्हणे. मी तेव्हा मान हलवत होतो आणि रंग बघत होतो.

समितीच्या सेक्रेटरींनी धक्क्यावरच निकाल दिला. चार रविवार उलटी खुर्ची. ही इथली जुनी शिक्षा आहे. ट्यूबच्या फार जवळ गेलेल्या माणसानं ट्यूबच्याच बोटीत मागे तोंड करून बसायचं आणि ट्यूबवरच्या माणसावर नजर ठेवायची. किल्ली मिळणार चौथ्या रविवारी संध्याकाळी. आता, सेक्रेटरींची कवळी मी बनवलेली आहे. वरची आणि खालची, दोन्ही. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्यांनी इतका स्वच्छ उच्चारला की मला एकीकडे लाज वाटत होती आणि एकीकडे कामाचं समाधान.

५ मे, सोमवार

दिवसभर माझ्या दातांच्या लॅबमध्ये प्लॅस्टर कालवत हिशेब केला. लेक तेवीसला येणार, दोन जूनला जाणार. किल्ली एक जूनला संध्याकाळी. म्हणजे जिच्यासाठी हे धूड घरी आणलं, तिला ते मिळणार एक संध्याकाळ!

तिच्यासाठीच घेतली, हे निदान वहीत तरी कबूल करायला हरकत नाही. घटस्फोटाच्या कागदाप्रमाणे दर मे महिन्यात तिनं दहा दिवस माझ्याकडे यायचं. हिवाळ्यात तिला सोळा पूर्ण होतील. मग यायचं की नाही, हे तिचं ती ठरवणार. गेल्या वर्षी ती दहा दिवस सोफ्यावर फोन घेऊन बसली आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ म्हणाली. जेवण कसं झालंय? ठीक आहे. खोली आवडली? ठीक आहे. ही एवढी सुट्टी वाया गेली की पुढे माझ्या हातात काही नाही. मला फार भीती वाटते. भीती वाटली की मी वस्तू विकत घेतो.

७ मे, बुधवार

सेक्रेटरी कवळी घासून घ्यायला आले. डाव्या बाजूला टोचतेय म्हणे. तोंड उघडं असताना मी शिक्षेचा विषय काढला. त्यांनी बोटानंच ‘नाही’ म्हटलं.

११ मे, रविवार

पहिला रविवार. अब्रूचा पंचनामा.

नारिंगी जॅकेट, हातात लाल बावटा आणि पाठ पुढच्या जगाकडे. बोट पुढे जाते आणि आपण मागे मागे ओढले जातो. दुसऱ्या फेरीला पोटातलं सगळं वर आलं. सायरनबाईंनी मागे न बघता बादली सरकवली. या पूर्वी रुग्णवाहिका चालवायच्या, आवाज तिथूनच घेऊन आल्यात. मला ‘दातवाले’ म्हणतात.

त्यांनी काम सांगितलं ते सोपं होतं. ट्यूबवरून नजर हलवायची नाही. कुणी पडलं की ओरडायचं, बावटा उंच धरायचा आणि हात त्या माणसाकडे रोखून ठेवायचा. पडलेल्यानं डोक्यावर हात ठेवला तर तो ठीक आहे. बोट त्याच्याजवळ नेली की आधी इंजिन बंद, मगच त्याला वर घ्यायचं. इंजिनची लाल दोरी त्यांनी स्वतःच्या जॅकेटला अडकवली होती. मी विचारलं, ही कशाला? म्हणाल्या, मी पडले तर बोट थांबायला नको का? की तुमच्या भरवशावर सोडून जाऊ?

आता मुख्य फजिती. तिसऱ्या फेरीला ट्यूबवर दोन भाऊ होते. शेजारून एक वॉटर स्कूटर गेली – माझीच कंपनी, माझाच रंग! मी तिच्याकडे बघत राहिलो. अगदी दिसेनाशी होईपर्यंत. मग कर्तव्याची आठवण येऊन मागे बघितलं आणि सायरनबाईंना ऐटीत सांगितलं, सगळं छान!

ट्यूब रिकामी होती.

दोघे भाऊ लांब मागे पाण्यात, चार हात हलवत. आणि मी रिकाम्या ट्यूबकडे बघून ‘सगळं छान’! ट्यूब हलकी उडायला लागली म्हणून सायरनबाईंना कळलं. मुलांना वर घेतलं. ती दोघं हसत होती, बाई हसत नव्हत्या. बोट तलावाच्या मध्यात बंद करून त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या.

“माझ्या डोक्याला मागे डोळे नाहीत, दातवाले. ते मी तुम्हाला दिलेत. ते घेऊन भलतीकडे फिरू नका.”

माझी दातखीळ बसली. धंद्याला शोभेल अशी.

१४ मे, बुधवार

लेकीचा फोन. म्हणजे मीच केला. म्हटलं, या वेळी एक सरप्राइज आहे. ती म्हणाली, बरं. ‘ठीक आहे’वरून ‘बरं’! प्रगती आहे.

१८ मे, रविवार

आज पोट जागेवर होतं. बाकी काही नाही.

तलावावर जत्रा असल्यासारखी गर्दी. सगळ्यांनी एकाच दिशेनं गोल फिरायचं असा नियम आहे आणि अर्धे लोक आपण त्यातले नाही असं समजून चालतात. ट्यूबवर एक माणूस होता, जाडजूड, हौशी, सारखा ‘अजून जोरात’ म्हणून खुणा करणारा. वळणावर तो उडाला. मी ओरडलो, बावटा वर, हात त्याच्याकडे. आणि त्याच्या मागून एक वॉटर स्कूटर.

चालवणारा लाटेकडे बघत होता. पाण्यात माणूस असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या खुर्चीतून मला सगळं दिसत होतं – डोकं, पाण्यावर, नारळाएवढं. आणि त्याच्यावर येणारं ते धूड. मी बावटा हलवत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. सायरनबाईंनी बोट आडवी घातली आणि अशी हाक मारली की काठावरचे लोकसुद्धा उभे राहिले. त्या माणसानं ऐकलं, गॅस दिला, वळला, लांबून गेला. त्याला ठाऊक होतं, वळायला गॅस द्यावा लागतो. माझ्यापेक्षा तो बरा.

माणूस वर आला, म्हणाला, परत एकदा! त्याला काही कळलंच नव्हतं.

दोन आठवडे मी हातभर अंतराचा विनोद करून सांगतोय. लॅबमध्ये, दुकानात, या वहीतसुद्धा. हातभर म्हणजे काय ते मला आज समोरून दिसलं. मी त्या बाईंना मारलं असतं. टोपीच्या जागी त्या असत्या. यात विनोद काही नाही.

२३ मे, शुक्रवार

आली! माझ्या खांद्यापर्यंत होती, आता कानापर्यंत आलीय. केस कापलेत. मी म्हटलं, छान दिसतायत. ती म्हणाली, मागच्या वर्षीच कापले होते.

सरप्राइज काय म्हणाली. मी म्हटलं, सर्व्हिसिंगला दिलंय. वहीत लिहितानाही कानशिलं गरम झाली.

२५ मे, रविवार

तिला सांगितलं, एका पेशंटची कवळी तातडीनं द्यायचीय, दुपारपर्यंत येतो. रविवारी कुणाला इतकी तातडीनं चावायची गरज पडते? तिनं विचारलं नाही.

अकराच्या सुमाराला बोट धक्क्याला लागली आणि समोर ती! घरात कंटाळून तलावावर आलेली, बाकावर, पाय हलवत. मी नारिंगी जॅकेटमध्ये, उलटा, मांडीवर बावटा. शेजारचा तिकीटवाला तिला उत्साहानं माहिती देत होता की ते बसलेत ते शिक्षेवर आहेत, एका बाईच्या अंगावर स्कूटर घातली होती त्यांनी.

“ते माझे बाबा आहेत,” ती म्हणाली.

तिकीटवाल्याला अचानक शेडमध्ये काम निघालं. मला वाटलं आता गेली ती सोफ्यावर, कायमची. पण ती हसायला लागली. पोट धरून. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं आणि ते मिळालं ते असं, कवळीची थाप पकडली गेल्यावर. दुपारपर्यंत ती धक्क्यावरच बसली होती.

२७ मे, मंगळवार

तिला सगळं सांगितलं. कसं झालं, कुणाची चूक, काहीही न सजवता. ती ऐकत होती. मग विचारलं, त्या बाई आता पाण्यात जातात का?

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. सायरनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नाही, त्या दिवसापासून आल्या नाहीत. दर रविवारी यायच्या.

२८ मे, बुधवार

सायरनबाईंकडून पत्ता घेऊन त्या बाईंकडे गेलो. लेकही आली. नवी टोपी नेली होती. बाईंनी टोपी घेतली नाही, पाणी मात्र दिलं. म्हणाल्या, येईन पुन्हा, पण इतक्यात नाही.

१ जून, रविवार

शेवटचा. सकाळी लेक म्हणाली, मला ट्यूबवर बसायचंय.

मी पंचवीस कारणं सांगितली. गर्दी आहे, वारा आहे, पाणी गार आहे. सायरनबाईंनी तिच्या जॅकेटचे पट्टे ओढून बघितले आणि मला म्हणाल्या, बसा जागेवर.

बसलो. दोर ताठ झाला, ट्यूब निघाली. आणि त्यावर माझी मुलगी, पालथी, दोन्ही मुठी आवळून. मी बघत होतो. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते पुसायलाही मान वळवली नाही. धक्क्यावरून सेक्रेटरी माझ्या नावानं हाका मारत होते – बहुधा किल्लीबद्दलच. मारोत. ती एका कानात पाणी गेलं की डोकं तिरकं करते. लहानपणी करायची तसं. घाबरली की खालचा ओठ आत घेते. हसायच्या आधी एक क्षण गंभीर होते. हे सगळं मला माहीत होतं का? माहीत असावं कधीतरी.

वळणावर पडली. माझ्या तोंडून काय निघालं कुणास ठाऊक, पण बावटा वर होता आणि हात तिच्यावर. लांबून एक स्कूटर येत होती. मी उभा राहून बावटा असा फिरवला की खांदा अजून दुखतोय. त्यानं बघितलं, मोठा वळसा घेऊन गेला. पाण्यात ते छोटं डोकं. मग एक हात वर आला आणि डोक्यावर टेकला. ठीक आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं ‘ठीक आहे’ इतकं आवडलं.

इंजिन बंद करून सायरनबाईंनी तिला वर घेतलं. दात वाजत होते. पुन्हा जायचं म्हणाली. तीनदा गेली!

संध्याकाळी किल्ली मिळाली. सेक्रेटरींनी छोटं भाषण केलं, कवळी कुठेही सरकली नाही. मी शेडमधून स्कूटर काढली, पुसली, लेकीसमोर उभी केली. म्हटलं, चल, हे ते सरप्राइज. अगदी सावकाश नेतो.

“नको,” ती म्हणाली. आणि टॉवेल गुंडाळून घराकडे चालायला लागली.

नको! इतकी धडपड, इतका अपमान, चार रविवार उलटं बसणं, आणि ‘नको’! मी ते धूड पुन्हा शेडमध्ये ढकललं आणि मागोमाग निघालो. उद्या ती जाणार. पुढच्या वर्षीचं विचारायला तोंड उघडत नाही.

२ जून, सोमवार

बस लागली होती. बॅग वर ठेवून ती परत खाली उतरली.

“बाबा, मी या वेळी सांगायला आले होते, पुढच्या वर्षीपासून येणार नाही म्हणून. आई म्हणाली, फोनवर नाही, समोर जाऊन सांग. रोज ठरवत होते, आज सांगू.”

मी तिच्या बॅगेची पावती हातात चुरगाळत उभा. मग का नाही सांगितलंस, असं काहीतरी विचारलं असावं.

“दर सुट्टीत तू मला काहीतरी दाखवत असतोस. काल तू मला बघत होतास.”

मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, आता माहीत नाही. कंडक्टरनं हाक मारली, ती चढली, बस गेली.

नाही म्हणाली नाही.