आबांच्या खाटेखालची माती

३ फेब्रुवारी १९९२
केळीच्या मुलखात द्राक्षं लावली म्हणून सगळा चोपडा तालुका हसला. हसू दे. बाग मस्त. फक्त कोपऱ्यातल्या दोन ओळी पिवळ्या. मॅग्नेशियम कमी पडलं असणार. नाशिकच्या सेमिनारला मी पहिल्या रांगेत बसलो होतो, मला कळतं.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
कोपऱ्यातून खोकला ऐकू आला. कोरडा. माझे वडील, आबा, असेच खोकायचे. आबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. त्यांची खाट त्याच कोपऱ्यात असायची, आणि तेरावं होताच मी त्यांची केळी उपटून टाकली. पण त्याचा खोकल्याशी काय संबंध?
संकल्प: दिवेलागणीनंतर तिकडे जायचं नाही. साप असतात.

१ मार्च
मॅग्नेशियम दोनदा दिलं. कोपऱ्यातले वेल आणखी खुरटले. पुन्हा खोकला. शेवटी बायकोला सांगितलं. लता म्हणाली, "आबा नाराज शेतस. आखाजीले घागर भरा, माफी मांगा." मी तिला समजावलं की हा अन्नद्रव्यांचा प्रश्न आहे. ती 'बरं' म्हणाली. तिचं 'बरं' मला आवडत नाही.

५ मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)
पितरांच्या नावानं घागर भरली. आमरस, सांजोऱ्या, सगळं आबांच्या आवडीचं. पण नुसत्या घागरीनं भागेल असं वाटेना. मग सुचलं! त्या कोपऱ्यातली, आबांच्या खाटेखालची माती पाट्यांत भरली आणि बागेतल्या प्रत्येक वेलाच्या बुडाशी ओंजळभर घातली. वरून पाणी. आबांचा हात बागभर फिरला पाहिजे. ही अंधश्रद्धा नव्हे, देशी जिवाणू असतात त्यात. कंबर गेली कामातून.
संध्याकाळी खोकला नाही. आबा खूश. केस क्लोज.

२८ सप्टेंबर
मधल्या ओळीत पिवळी पानं. ऊन लागलं असेल.

१७ डिसेंबर
छाटणीनंतरची फूट सगळीकडे मरतुकडी. खोकला आता बागेच्या मधून येतो. आज विहिरीकडून आला. मी मोठ्यानं विचारलं, आबा, आता काय राहिलं? मला भीती वाटते. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

११ जानेवारी १९९३
लतानं परस्पर निरोप धाडला होता. धुळ्याहून शेतकी कॉलेजचे साहेब आले. वेल उपटला. मुळांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठी. म्हणाले, सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे किडे, मुळं पोखरतात. जुन्या केळीतलेच असणार. वर्षभरात फार तर हात-दोन हात सरकतात म्हणे. मग बागभर कसे पोहोचले? त्यांनी विचारलं, त्या कोपऱ्यातली माती कुणी इकडे आणून टाकली का?
मी म्हणालो, छे छे!
लता चहा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कपबशी खाली ठेवली.
साहेब गेल्यावर म्हणाली, "आबा खाट तठेच काबर टाकेत? तठे काहीच पिके नही म्हनीसन. तुम्ही कधी इचारंच नही."
तीस वर्षं मला वाटायचं, तिथे वारा चांगला लागतो म्हणून.

२० एप्रिल
बाग काढली. साहेबांनी सांगितलंय, दोन-तीन वर्षं झेंडू लावा, त्यानं हे किडे कमी होतात, मग बघू. लावणार. ऊन जरा कमी झालं की लगेच.
आखाजी जवळ आली. लतानं घागर आणून ठेवली, माझ्या हातात पाटी मात्र दिली नाही.
संध्याकाळी आबांची खाट पुन्हा कोपऱ्यात टाकून बसलो. वारा अजिबात लागत नाही. बाग काढल्यापासून खोकला ऐकू येत नाही. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मीच दोनदा खोकून पाहिलं. तिकडून कुणी खोकलं नाही.