कलेक्टरणीले टेन्शन द्यायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
मयुरा आली होती. सातवा लागला. पोरगी जनावरांच्या डॉक्टरी कॉलेजात लॅबमधे कामाले, म्हणून पोटात लेकरू आणि तोंडात लेक्चर. म्हणे, आई, कोंबडीले टेन्शन आलं का ते अंड्यात उतरते. पिल्लं भित्रे निघतेत. त्या पिल्लाइचे पिल्लं बी. नातवापर्यंत जाते.

मी म्हणलं, मंग कोंबडीले योगा क्लास लाव.

हसली नाही. म्हणे, म्हणूनच मले बाळंतपण माहेरी नको वाटते, तू दिवसभर चिडवत राहते. मी! फक्त एवढंच म्हणलं होतं का आजकाल बदकासारखी चालते. खरंच चालते.

शेवटी पैज लागली. माह्या कोंबडीले बिना टेन्शनचं ठेवायचं. तिनं अंडे द्यायचे, उबवायचे, पिल्लं काढायचे. जमलं तं मयुरा बाळंतपणाले इथं. नाही तं कामठीले, सासूजवळ.

कोंबडीचं नाव कलेक्टरीण. चालच तशी आहे. पैज जिंकल्यातच जमा. माह्यासारखी शांत बाई अख्ख्या हुडकेश्वरात नाही.

४ नोव्हेंबर
ठरवलं. ओरडायचं नाही. चिडवायचं नाही. दिवसातून एकदाच कोंबडीच्या टोपल्यात डोकवायचं.

सकाळपासून सात वेळा डोकवली. एकदाच, पण तुकड्या-तुकड्यात.

७ नोव्हेंबर
चार दिवसात एक अंडं. एक! थंडी वाजत असन म्हणून शाल पांघरली, तं बाई शालीसकट अंगणभर पळाली. शेजारची मनकर्णा भिंतीवरून म्हणे, काहून वं, कोंबडीचं लग्न आहे का? म्हणलं, हो, तुह्या नवऱ्यासोबत, तयार राह्यजो म्हणा.

मनकर्णेले बोललेलं चिडवण्यात धरायचं नाही. ती कोंबडी नाही.

११ नोव्हेंबर, सकाळी ९
डोकं फिरलं आहे. दुसरं अंडं नाही. आमच्या नरखेडकडं बाळंतिणीले जे करतेत ते सगळं सुरू केलं. डिंकाचा लाडू कुस्करून दिला, चोच लावली नाही. मीच खाल्ला. टोपल्याजवळ शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली. मयुराची पण प्रॅक्टिस होऊन जाईन.

धुरीनं कलेक्टरीण अशी बोंबलली, आणि नेमका मयुराचा फोन सुरू होता. म्हणे, आई, काय करून राहिली? म्हणलं, भजन.

१३ नोव्हेंबर
कलेक्टरीण गायब. मांजर? कुत्रं? का मनकर्णेनं शिजवली? तिच्या खिडकीखालून तीनदा गेली, फोडणीचा वास घेत. मेथीची भाजी.

मयुराले फोनवर सांगतलं, उबवाले बसली, एकदम शांत आहे. खोटं नाही. कुठंतरी बसलीच असन.

२० नोव्हेंबर
पत्ता नाही. मयुरा विचारते, फोटो पाठव. कॅमेऱ्याचं टेन्शन येते म्हणलं तिले. माह्याच लॅबवालीले मी शिकवलं.

ही पोरगी लहानपणी ताट पडलं तरी दचके. रात्री झोपेतून उठे. स्वभाव बापाकडचा. हे पण तसेच, संध्याकाळ झाली का गच्चीवर. त्याइले मोकळी हवा लय आवडे. पाऊस असला तरी छत्री घेऊन बसत. गेल्याले सहा वर्ष झाले, गच्ची रिकामी आहे. चिडवाले कोणी नाही. बाळ आलं असतं घरात, तं कसं भरलं असतं.

५ डिसेंबर
सापडली! मनकर्णेच्या मागच्या अंगणात, जुन्या मोडक्या कूलरमधे. नऊ पिल्लं. म्हणजे मी इथं शाल घेऊन मागं धावून राहिली आणि बाई अंडे तिथं लपवून देऊन राहिली. मनकर्णा म्हणे, मले तं माहीतच नव्हतं वं माय, मी फक्त उरलेला भात टाकत होती. काही केलं नाही. काहीच नाही!

पिल्लं मनकर्णेच्या पायात नाचत होते. मी वाकून फक्त "या वं" म्हणलं. नऊच्या नऊ कूलरखाली.

जन्मून एक दिवस झाला. मले कधी पाह्यलं बी नाही.

माह्या साडीचा रंग भडक आहे.

७ डिसेंबर, रविवार
मयुरा आली. मनकर्णेनं सगळं सांगतलं. शाल, शेगडी, धुरी. मयुरा कूलरजवळ उभी राहिली, मले म्हणे, ये इकडं. मी गेली. पिल्लं पळाले. ती लॅबमधे पाहते तशी पाहत राहिली.

मंग म्हणे, आई, कामठीलेच करतो. तुले बारशाले बोलावतो.

म्हणलं, बरं झालं तूच बोलली, माह्ये गुडघे दुखतेत.

निघताना बाजेवर टेकली. म्हणे, हात ठेव इथं, सकाळपासून लाथा मारून राहिलं.

ठेवला.

एकदम गप्प.

म्हणे, झोपलं असन आई.

बराच वेळ तशाच बसलो. मी एक शब्द बोलली नाही, चिडवलं नाही, हात पण हलवला नाही.

झोपलंच होतं. तसंच लिहून ठेवतो.