परवा, पाच वाजता

दुकानातून, आज

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा पार्सलने पाठवलाय. ताणून बसव, नाहीतर पुन्हा माझ्या नावाने खडे फोडशील. खोकला गेला.

आता खरं ते. समोरच्या शिवणकामवाल्या बाई महिनाअखेरीस दुकान सोडून भावाच्या गावी चालल्यात. मला राहवलं नाही. रविवारी त्यांच्या बंद दाराखालून चिठ्ठी सरकवली, की परवा पाच वाजता बागेच्या फाटकाशी या, नाही आलात तर काय ते समजेन. मंगळवारी दिवे लागेपर्यंत उभा होतो. आल्या नाहीत.

गुरुवारी त्यांचं दुकान उघडलं, तर काचेतून माझ्याकडे बघून हसल्या. नाही म्हणायचं आणि वर हसायचं? शनिवारी तर ठेवणीतली पर्स घेऊन बागेकडेच जाताना दिसल्या. दुसरं कुणी असणार. मी शटर ओढून आत बसलो. ताई, फार लागलंय मला. भावोजींना सांगू नकोस, हसतील.

तुझा, समजून चुकलेला,
धाकटा

शुक्रवार, २२ फेब्रुवारी (तारीख अशी लिहितात)

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र 'आज'चं. कुठलं आज, ते पोस्टाच्या शिक्क्यावरून काढलं. तुझ्या दुकानातल्या 'मशीन उद्या मिळेल' पाटीचा सख्खा भाऊच हा 'आज'. माझ्या लग्नाआधीपासून तोच उद्या चालू आहे.

अरे शहाण्या, दुकान गुरुवारी उघडलं ना? म्हणजे चिठ्ठी त्यांना गुरुवारी दिसली. तुझा परवा मंगळवारी संपला, त्यांचा शनिवारी आला. त्या तुझ्यासाठीच गेल्या होत्या आणि तू शटर ओढून बसलास. आता त्याही काय ते समजल्या असतील.

मला उत्तर लिहीत बसू नकोस. आज जा. आज म्हणजे हे वाचशील तो दिवस. चहा नंतर पी.

इथे सगळे बरे. लोभ आहेच, तो टिकवायचा असेल तर ऊठ.

ताई

गुरुवार, २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तारीख बघितलीस ना?

तुझा धपाटा येणार हे ठाऊक होतं, म्हणून पाकीट न फोडताच ठेवून दिलं होतं. आज सकाळी बाईंच्या दारात टेम्पो लागला, तेव्हा तुझंच पाकीट फोडलं. तसाच तेलकट हातांनी रस्ता ओलांडला. चिठ्ठी कधी मिळाली विचारलं. भावाकडे खोली बघून गुरुवारी परत आल्या तेव्हा, म्हणाल्या. शनिवारी दिवे लागेपर्यंत उभ्या होत्या. मी थट्टा केली असं वाटून सामान बांधलं. मी मंगळवारचं सांगितलं, तर कपाटाला टेकून हसत सुटल्या, आणि मग रडल्या. मीही रडलो, लपवत नाही.

टेम्पोवाला खोळंबला होता. बाईंनी त्याला मशीन उतरवून रस्त्यापलीकडे न्यायला सांगितलं. ते आता माझ्या खिडकीशी आहे. माझी 'उद्या'ची पाटी उतरवून तिच्यावर कापड बेततात.

लग्न रविवारी, दहा मार्चला. तू परवाच निघ, असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं. आठ तारखेला ये.

लोभ आहे तसाच राहू दे, आता दोघांवर.

धाकटा

ता. क. ताई, हे अक्षर माझं. आठ तारीख पक्की धरा. यांचा एक परवा मला जन्माला पुरला.