बाळकूमची भट्टी

बाळकूम,
चैत्र शुद्ध दशमी, शके १८०६

चिरंजीव पंढरीस थोरल्या बायचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझं पोटाचं दुखणं कसं आहे? शहाडला नदीचं गोड पाणी मिळतं, तेव्हा बरं असेल असं धरून चालते. मिठागरात या वर्षी पीक चांगलं आहे. ऊन कडक, मीठ पांढरं पडतंय. घरचे ठाण्यास आहेत. प्रकृती बरी असल्याचं काळुराम नाखवा सांगत होता. त्याची मिठाची होडी वर कल्याणकडे येते आहे, तिच्यातूनच हे पत्र पाठवते.

शकूचं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, अंगानं दणकट, बोलायला लाजरा. शकू बोलायला कमी नाही, तेव्हा निभेल. मुहूर्त अक्षय तृतीयेचा. व्याही मात्र फार शहाणे. सुपारी फुटल्यावर मला म्हणतात, "विहीणबाई, दारूची काळजी करू नका. दुकानातून बाटल्या आणू. सरकारी छापाच्या. कायद्यातल्या."

मी म्हटलं, "जावईही दुकानातलाच देताय काय?"

बायका हसल्या. व्याह्यांनी पानाला चुना लावायला घेतला तो बराच वेळ लावत बसले.

आणि खरं सांगते, माझ्या हट्टाचा प्रश्नच नाही. सखुबाई धवलारीण धवले गाऊन लग्न लावणार. तिनं मला अंगणात उभी करून सांगितलं, "तुळशे, घरची धार मांडवाच्या मेढीवर पडल्याबिगर मी धवला म्हननार नाय. दुकानाची शिंपलीस त उठून जाईन. पितरांना परक्या हातचा पानी चालत नाय, त दारू काय चालंल?" तिच्यापुढे कायदा कोण वाचणार?

म्हणून मोह भिजत घातला. आणि तो आंबत नाही. फेस नाही, बुडबुडा नाही, कान लावला तरी मडकं मुकं. गूळ घातला, उन्हात ठेवलं, घोंगडीत गुंडाळलं. फुलं तशीच, प्रेतासारखी पडून आहेत. आपल्या आबांच्या वेळी चौथ्या दिवशी मडकं बोलायला लागायचं, आठवतं? जाळ माझ्याकडे असायचा, मडकी आणि सांधे तुझ्याकडे. म्हणून तुला विचारते.

तू आबकारी खात्यात चाकरी करतोस ते मला ठाऊक आहे. विसरून लिहीत नाही.

तुझी बाय,
तुळसा


शहाड नाका,
चैत्र पौर्णिमा

सौ. बायस पंढरीचा दंडवत.

पत्र पोचलं. पुन्हा असलं पत्र पाठवू नको. नाक्यावर आलेला कागद जमादार आधी हातात घेतो. त्याला मराठी वाचता येत नाही हे तुझं नशीब, आणि माझंही. माझं तोंड पडलेलं पाहून त्यानं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, बहिणीची गाय आटली, औषध विचारते. माणूस भला आहे. मेथ्या उकडून घाल म्हणाला. तेवढं कळवतो.

शकूचं ऐकून आनंद झाला. व्याही म्हणतात ते ऐक. छापाची बाटली आणल्यानं कोणी तुरुंगात जात नाही. देवाला दारू कळते, दुकान कळत नाही. सखुबाईला मी सांगितलं म्हणून सांग. लग्नाला येणं होईलसं वाटत नाही. उन्हाळ्यात नाक्यावर काम वाढतं.

गाईविषयी मला काही माहीत नाही आणि माझा तिच्याशी संबंध नाही. तरी एक विचारतो. ज्यात तिला पाणी पाजता, ते भांडं आधी कशाचं होतं?

पंढरी


बाळकूम,
चैत्र वद्य एकादशी

चिरंजीव पंढरीस आशीर्वाद.

जमादारांना माझा नमस्कार सांग. आमची गाय आटलेली नव्हती, तरी तिनं मेथ्या आवडीनं खाल्ल्या. यापुढे मी गाय लिहिणार नाही. भट्टी लिहीन.

मडकं मिठाचं होतं.

तुझी ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. जुने डेरे तुमच्या माणसांनी मार्गशीर्षात फोडले, खापऱ्या अजून घरामागे आहेत. म्हणून पडवीतलं मोठं मडकं घेतलं होतं. घासलं, धुतलं, उन्हात तापवलं. पण माती प्यालेलं मीठ सोडत नाही. बाहेरच्या अंगाला जीभ लावून पाहिली तर खारट. मिठागरवाल्यांच्या घरात खारट काय आणि अळणी काय, कोणाच्या लक्षात येणार? आपल्याकडे पोरं रडली तरी गालावर पांढरं उमटतं.

ठाण्याच्या कुंभाराकडून कोरा डेरा आणवला. काळुरामला सांगितलं तांदळाला हवा. तो म्हणाला, "तांदूळ पिऊन झाल्यावर मना पन बोलव." नवा मोह त्यात घातला, आणि तिसऱ्या दिवशी डेरा असा बोलायला लागला की शेजारीण विचारू लागली, आत कोण आहे?

आता दुसरी अडचण ऐक. आंबलं चांगलं, पण गळत नाही. थोडं काढून चुलीवर लावून पाहिलं. वरचं मडकं पालथं, नळी बांबूची, खालचा घडा गार पाण्यात, पाणी मी सारखं बदलते. तरी धार म्हणून नाही. थेंब, मग विसावा, मग थेंब. जाळ वाढवला तर आतलं बुडाला लागलं आणि जे आलं त्याला करपल्याचा वास. जाळ उतरवला तर तेही बंद. जाळात माझी चूक नाही, ते मी छातीवर हात ठेवून सांगते. चूक दोन मडक्यांच्या सांध्यात आहे, आणि सांधा तुझा.

हे लिहून कळवू नकोस. ये.

मागच्या पत्रात मी लिहिलं, घरचे ठाण्यास आहेत. बाजाराला गेल्यासारखं लिहिलं. तूही उत्तरात त्यांचं नाव काढलं नाहीस. ते तुरुंगात आहेत. डेरे फुटले त्या दिवशी धाडीच्या होडीत तू होतास. खाली उतरला नाहीस, खाडीकडे तोंड करून बसलास. पण पाठ आमच्या आबांची आहे, मी ओळखली.

कचेरीत साहेबांनी ह्यांना विचारलं, "दारू कशी गाळतोस?" हे म्हणाले, "पाणी घालतो. खालून जाळ लावतो." साहेबांनी विचारलं, "मग?" हे म्हणाले, "मग दारू होते." मागे बसलेल्या आपल्या माणसांनी तोंडात पदर आणि उपरणी कोंबली. ज्या माणसाला मोहाच्या वासानं शिंका येतात, जो लग्नातही घोट घेत नाही, तो भट्टीचा मालक ठरला. साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं आणि शिक्षा दिली.

तू दाराशी चाकरीचा पट्टा बांधून उभा होतास. एक शब्द बोलला असतास तर ते सुटले असते आणि मी आत गेले असते. बोलला नाहीस. माझ्यासाठी, की पट्ट्यासाठी, ते विचारत नाही. भेटीला गेले तेव्हा ह्यांनी गजाआडून माझ्याकडून वचन घेतलं: शकूचं लग्न होईतो तोंड उघडायचं नाही. म्हणून उघडलं नाही. मला ते किती जड जातं ते तू जाणतोस.

आता मामा म्हणून तुला सांगते. भाचीच्या लग्नाची पहिली धार मामाच्या ओंजळीत पडते, आणि मामानंच ती मांडवाच्या मेढीवर शिंपायची असते. माझ्या लग्नात मामांनी शिंपली, आईच्या लग्नात तिच्या मामांनी. शकूला दुसरा मामा नाही. तुझ्या जागी कोणाला उभा करू, दुकानदाराला?

तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी जाळ लावीन. घरामागे, खाडीच्या अंगाला, उघड्यावर. रात्री लपून लावायला मी काही कोणाची कोंबडी चोरलेली नाही. धूर लांबून दिसेल. पट्टा बांधून ये, नाहीतर सोडून ये. धरायला आलास तरी ये, पण आधी सांधा नीट करून दे.

वाट पाहणारी,
तुळसा


बाळकूम,
वैशाख शुद्ध पंचमी

चिरंजीव पंढरीस, ठाण्याच्या कोठडीत, बायचा आशीर्वाद.

शकू सुखरूप डोंबिवलीला पोचली. होडीत चढताना रडली नाही. नवरा रडला. सखुबाई म्हणाली, "घरात पोरीचाच चालंल, काळजी नको."

हे पत्र भाताच्या गाठोड्यासोबत काळुरामकडे देते आहे. ते तुझ्यासाठी आहे, तसंच दारावर जो कोणी उघडून वाचेल त्याच्यासाठीही आहे. म्हणून तुला ठाऊक असलेलंही सगळं लिहिते. लपवू नकोस.

तू आलास. अंगात साधी बंडी, खांद्यावर धोतराच्या सोग्यात बांधलेली माती. माझ्या पाया पडलास आणि चुलीशी उकिडवा बसलास. सांध्याला कान लावलास. मग बोट लावून माती चाखलीस.

"बाय, बांधाची माती लावलीस?"

"मग कुठली लावू? सगळी खाडी अडवून धरते ती."

"पाणी अडवते. तापली की तडकते. वाफ सगळी इथून पळते आहे, ऐक."

मी कान लावला. साप फुत्कारावा तशी बारीक शीळ. इतके दिवस जाळाला, नळीला, फुलांना दोष देत होते. मिठागराचा बांध म्हणजे आम्हाला ब्रह्मवाक्य. ती माती कुठे कमी पडेल हे डोक्यातच येत नाही. तू सोग्यातली वारुळाची माती काढलीस, राख घातलीस, मळलीस आणि सांधा लिंपलास. चिंधीची पट्टी गुंडाळलीस. आबांचीच बोटं.

मग म्हणालास, "जाळ कमी कर."

मी म्हटलं, "जाळाचं मला शिकवू नकोस."

तू हसलास. बऱ्याच दिवसांनी पाहिलं ते. आणि धार लागली. सुतासारखी, न तुटता, पाण्यापेक्षा स्वच्छ. तू ओंजळ पुढे केलीस. एक थेंब सांडला नाही. तू ती मेढीवर शिंपलीस आणि सखुबाईनं असा आवाज लावला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि मला विचारलं, "कुठल्या दुकानाची?"

मी म्हटलं, "आमच्या इथे एकच आहे."

मी वरातीच्या होडीत शिदोरी ठेवत होते तेव्हा तू मागून म्हणालास, "येतो बाय." मला वाटलं, शहाडला निघालास. काळुरामनं काल खरं सांगितलं. दारूच्या दुकानदारानं धुराची खबर ठाण्याला दिली होती, माणसं इकडे निघायच्या तयारीत होती, आणि तुला ते आधीच कळलं होतं. तू सरळ कचेरीत गेलास, सोबत आणलेला पट्टा टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, बाळकूमची भट्टी माझी, बापाकडून मला आली.

पंढरी, तू खोटं बोललास. सांधा तुझा. तेवढाच तुझा.

आबांनी शेवटच्या दुखण्यात भट्टी माझ्या स्वाधीन केली. तू तेव्हा चाकरीवर होतास, त्याचा मला राग नाही. त्यांनी मला उशाशी बसवलं आणि म्हणाले, "पोरी, जाळ तुला कळतो. हे तुझं." त्यांनी माझ्या नावावर दिलेली एवढीच एक गोष्ट. शेत तुला, होडी चुलत्याला, आणि भट्टी मला. ती आधी ह्यांनी आपल्या नावावर घेऊन तुरुंगात नेली, आता तू नेलीस. दोघांनी मला वाचवलं. मला विचारलं एकानंही नाही. गावातल्या बायका मला "बिचारी" म्हणतात आणि मी मान खाली घालून ऐकते, जणू माझ्या घरात पुरुष दारू गाळत होते आणि मी भाकऱ्या थापत होते.

लग्न झालं. वचन संपलं.

उद्या भरतीला काळुरामच्या होडीतून मी ठाण्यास येते. साहेबांपुढे उभी राहीन आणि सांगेन, भट्टी माझी. त्यांनी विचारावं, दारू कशी गाळतेस? मी मोहाच्या फुलापासून सुरू करीन. कुठलं पाणी, कुठली माती, कोणत्या लाकडाचा जाळ, करप कशी ओळखायची, धार केव्हा तोडायची. कारकुनाला दौत पुन्हा भरावी लागेल. मग ह्यांना आणि तुला बोलावून हेच विचारावं. तुला निम्मं सांगता येईल. ह्यांना शिंक येईल. साहेब न्यायाचे असतील तर त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही.

त्यांना मी हेही विचारणार आहे. मोह झाडाखाली आपोआप पडतो, पाणी माझ्या विहिरीचं, मडकं मी विकत आणलं, हात माझे. यात सरकारचं काय आहे तेवढं मला मराठीत समजावून सांगा. पटलं तर तसं म्हणेन. नाही पटलं तर तेही म्हणेन. शिक्षा त्यांची, ती मी भोगीन. पण एका भट्टीसाठी माणूसही एकच आत बसेल, आणि ते माणूस कोण, हे मी सांगेन.

तुम्ही दोघं घरी या. मीठ अजून उघड्यावर पडून आहे, आभाळ भरायच्या आत ते झाकायला हवं. ह्यांना स्वयंपाक येत नाही, तू करून घाल. मला अडवायला कोणी निरोप पाठवू नका. उद्या कचेरीत भेटलो तर पाया पड, आशीर्वाद देईन, पण माझ्या आधी तोंड उघडू नकोस.

हे मी शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हातानं लिहिलं आहे.

भट्टी जिची ती,
तुळसा, राहणार बाळकूम