डावा हात

सेक्टर ६, मंगळवार संध्याकाळ

आज जिम्नॅस्टिक्सच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्या क्लासातल्या पिंकीनं व्हॉल्ट मारला, उतरली, अन् सलामीले एकच हात वर केला. डावा हात खांद्यापर्यंतच आला. मी ओरडली, "दोन्ही हात! जज तुयाकडे पाहून राहिले असं समज!" तिनं हसत डावाही वर केला.

आत्ता तिच्या आईचा फोन आला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर लागलं. आई म्हणाली, "मॅडमले कावून नाही सांगितलं असं विचारलं, तर म्हणते, मॅडमनं हात वर करायले लावला."

मले कसं नाही दिसलं? मी देशाकडून खेळलेली, मोडक्या पायावर हसत सलामी दिलेली. खोटं कशाले लिहू, डावा हात दिसलाच होता. मले त्यात सलामीची चूक दिसली. माझ्या सरांनीबी तेव्हा पायाचं विचारलं नव्हतं, गुडघे वाकले म्हणाले. त्याच दिवशी ठरवलं होतं, आपण असं नाही व्हायचं.

मग पिंकीनं फोन घेतला. "मॅडम, लँडिंग ठीक होती न?"

माफी मागायले तोंड उघडलं, अन् निघालं काय? "उजवा पाय थोडा सरकला होता."