आयाळीतली निळी दोरी

१२ मार्च, दुपार

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. इथे सगळं ठीक आहे. तुमचा भाऊ तबेल्यात घोड्यांशी तासन् तास बोलतो आणि घरात आला की मुका होतो, म्हणजे तेही ठीकच.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर बोलायला लागले की अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसतात, म्हणून.

थोरली घोडी व्याली. शिंगरू काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका, पाय अंगापेक्षा लांब. उभं राहायला जातं आणि धपकन बसतं. अप्पा म्हणाले, "आमच्या लेकीवर गेलंय. पडेल, पण कुणाला हात लावू देणार नाही." मी हसले, रागावू नका.

घोडी व्याली की तिला जंताचं औषध अप्पाच देतात, तुम्हाला माहीतच आहे. दुधातून जंत पिलाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून. आधी छातीभोवती मापाची फीत लावून वजन, मग तोंडात औषधाची पिचकारी, मग आयाळीत निळी दोरी. दोरी दिसली की औषध झालं, पुन्हा कुणी द्यायचं नाही. आणि तान्ह्या शिंगराला तर काहीच नाही. "अंदाजपंचे देऊन जनावर मारायचंय का?" हे ओरडणं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय.

परवा सकाळी पाणी घेऊन गेले, तर घोडीच्या आयाळीत दोन दोऱ्या. आणि शिंगराच्या बोटभर आयाळीत एक.

अप्पा खरारा करत होते. पिलाला औषध दिलंत का विचारलं, तर म्हणाले, "अजून कुठे? आता देणार." आणि खिशातून भरलेली पिचकारी काढली, घोडीच्या मापाची. दोरी आधी बांधली होती, औषध राहिलं होतं. थोडक्यात निभावलं बघा.

फोन केला तशा जनावरांच्या डॉक्टरीणबाई लगेच आल्या. घोडीला दोनदा गेलंय, ती सहन करेल, तरी लक्ष ठेवा म्हणाल्या. शिंगराला दोन महिन्यांचं होईपर्यंत काही नको, नंतर वजन करून, त्याच्या वयाला चालणारंच द्यायचं. मायलेकरं दोघं बरी आहेत. मग बाईंनी अप्पांना सहज आजचा वार विचारला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

वन्सं, हे पहिल्यांदा नाही झालं. हल्ली सकाळी तुमचा फोन येऊन जातो आणि संध्याकाळी ते विचारतात, "पोरीचा फोन नाही आला?" तुम्ही एकट्या तिकडे, तुमच्या जिवाला घोर कशाला, म्हणून मी बोलले नव्हते.

बाई गेल्यावर अप्पांनी दोरीचं रीळ माझ्या हातात ठेवलं. "सूनबाई, हे आता तू सांभाळ." मला रडू आवरेना. तर मलाच चिडवायला लागले, "विसरतो मी आणि रडतेस तू." मग मनगट पुढे केलं. "पोरीचा फोन आला की इथे बांधत जा. म्हणजे मला कळेल."

काल तुमचा फोन झाल्यावर बांधली. संध्याकाळी ती चाचपत बसले होते. फोन आला का, असं काही विचारलं नाही. उलट मलाच सांगत होते, "आज बोलली हं ती."

दोरीचा अर्थ त्यांना लागतोय, तोवर येऊन जा. शिंगरू तुम्हालाच पहिल्यांदा हात लावू देईल, अशी त्यांची खात्री आहे.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमची तोंडाळ वहिनी